तीन लाखांनी वाचलेली चिठ्ठी

"मूठ वळा. खोल श्वास घ्या. इकडे बघू नका, भिंतीकडे बघा."

दिवसातून साठ-सत्तर वेळा तोंडून निघणारी ही वाक्यं तिनं पंधरा नंबरलाही ऐकवली. सकाळचे साडेसात वाजले होते. लॅबच्या बाकावर उपाशीपोटी माणसं रांगेनं बसली होती, आणि उपाशी माणूस किती चिडका असतो हे रक्त काढणाऱ्यांनाच विचारावं. पंधरा नंबर मात्र चिडका नव्हता, घाबरलेला होता. चांगला उंचापुरा गडी, बोटांच्या पेरांत निळा रंग सुकलेला, आणि सुई बघूनच पाचावर धारण बसलेली. डोळे घट्ट मिटून त्यानं मूठ वळली.

"परत म्हणा," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. किंवा... दुसरं काहीही."

ही नवीनच तऱ्हा. सुई टोचताना माणसं प्रभूचं नाव घेतात, आईला हाक मारतात, एकानं तर तिला सणसणीत शिवी हासडली होती. पण बोलत राहा म्हणून कुणी गळ घातली नव्हती. तिला हसू आलं.

"मुंगी चावली म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"एवढी लांब मुंगी मी बघितली नाही."

"बघायला डोळे उघडावे लागतात."

मिटल्या डोळ्यांनीच तो हसला. हसू बरं होतं. जांभळ्या झाकणाची नळी भरली, मग लाल झाकणाची, आणि आपण शिरेऐवजी हसण्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर सुईताईंनी — लॅबमध्ये तिला सगळे सुईताईच म्हणत — घाईघाईनं कापसाचा बोळा लावला.

"दाबून धरा. चोळू नका."

त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मंडळीच्या पानावर वाचता, त्या तुम्हीच ना? आवाज तोच आहे."

तिला स्वर्ग दोन बोटं उरला. अकरा महिने ती चर्चच्या मंडळीचं ऑनलाइन पान चालवत होती, आणि परक्या माणसानं ओळखण्याची ही पहिलीच वेळ. तिनं केसांची बट कानामागे सारली. "हो, मीच ती!"

"मग ती चिठ्ठी माझी," तो म्हणाला.

तिनं समोरच्या फॉर्मकडे पाहिलं. त्याच्या हातचं अक्षर होतं ते. टपोरं, सरळ, वरची रेघ दोरी लावून ओढल्यासारखी. हे अक्षर तिनं अगदी जवळून पाहिलं होतं. तिच्याबरोबर तीन लाख माणसांनीही पाहिलं होतं.

त्याचं असं झालं होतं. त्यांच्या मंडळीत दारापाशी एक लाकडी पेटी असे. ज्याला जे मागायचं असेल ते त्यानं चिठ्ठीवर लिहावं आणि पेटीत टाकावं. बुधवारी तिच्यासह पाच-सहा बायका बसून त्या चिठ्ठ्यांवर प्रार्थना करत आणि लगेच तिथल्या तिथे फाडून टाकत. चिठ्ठीतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, असा शिरस्ता होता.

आणि पान तिच्याकडे होतं. रोज सकाळी लॅबला निघण्याआधी ती एक स्तोत्र वाचून पानावर टाकायची. बघणारी माणसं मोजून चाळीस, त्यात सात घरचीच. तिची वहिनी याबाबत फार जाणकार. नुसता चेहरा बघून कुठला व्हिडिओ चालेल हे ती सांगायची. ती म्हणाली, "अहो वन्सं, नुसतं वाचून दाखवलं तर कोण बघतंय? माणूस दाखवा. रडू दाखवा." वहिनीनं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ही चढली. एका बुधवारी फाडायच्या चिठ्ठ्यांतली एक तिनं पर्समध्ये टाकली. घरी येऊन फोटो काढला आणि भरल्या गळ्यानं वाचली.

'आई गेल्यापासून माझे वडील एक शब्दही बोललेले नाहीत. चौदा महिने झाले. प्रभू, एकदा तरी त्यांचा आवाज ऐकू दे.'

नाव नव्हतंच, त्यामुळे कुणाला कळणार नाही असं तिला वाटलं होतं. तीन दिवसांत तीन लाख झाले. पानाचे दोनशे बारा अनुयायी चाळीस हजारांवर गेले. एका मोठ्या युवक-संमेलनाचं बोलावणंही आलं — व्यासपीठावर या आणि जमल्यास त्या मुकाट बापालाही घेऊन या. नोकरी सोडून हेच करावं असं तिनं मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

"नाव नव्हतं त्यात," ती पुटपुटली.

"नाव कशाला हवं? मी पाट्या रंगवतो. माझ्याआधी बाबा रंगवायचे. या भागातली निम्मी दुकानं आमच्या अक्षरावर उभी आहेत. तुमच्या लॅबची पाटीसुद्धा."

रोज ज्या पाटीखालून ती आत येत होती, ती पाटी! सगळ्या वस्तीनं अक्षर ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते फक्त हिनं.

तो रागावला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. "लोक दुकानात येतात," तो म्हणाला. "फोन समोर धरतात आणि म्हणतात, काका, एक शब्द बोला ना, इकडे बघून. परवा एका बाईनं त्यांचा हात धरून रडायला सुरुवात केली, आणि तिची मैत्रीण शूटिंग करत होती. नऊ दिवस झाले, बाबा खाली उतरलेले नाहीत. आधी रोज यायचे. ब्रश धुवायचे, आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

"आणि तुमचं वाचन ऐकायचे. रविवारी त्यांना एकट्याला सोडून मला उपासनेला येता येत नाही. त्या एकाच रविवारी आलो, चिठ्ठी टाकली आणि पळत घरी गेलो. म्हणून दुकानात रोज तुमचं पान लावायचो. तुमचा आवाज सुरू झाला की ब्रश धुणं थांबायचं, वाचन संपेपर्यंत." त्यानं बोळा काढून पाहिला. "गेले नऊ दिवस तुम्हीही वाचलेलं नाही. नुसतंच 'पुढची गोष्ट लवकरच' म्हणता."

तो उठून गेला आणि सोळा नंबर येऊन बसला. सुईताईंना त्याची शीर तीनदा सापडली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चप्पलही न काढता फोन हातात घेतला. वहिनी भाजी चिरत होती.

"मी ती पोस्ट काढतेय."

सुरी हवेतच थांबली. "वन्सं! वेड लागलंय का? तीन लाख आहेत ते!"

"तीन लाखांनी बघावं म्हणून त्यानं ती टाकली नव्हती. एकानंच बघावं म्हणून टाकली होती."

खोटं कशाला सांगावं, तिचं बोट क्षणभर अडखळलं. चाळीस हजार माणसं! त्यातल्या किती जणांनी 'ताई, तुमच्या आवाजात देव बोलतो' असं लिहिलं होतं. ती वाक्यं तिला तोंडपाठ होती, स्तोत्रांपेक्षाही जास्त. हे तिचं तिलाच जाणवलं, तशी तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं बटण दाबलं.

वहिनीनं सुस्कारा सोडला आणि मग तिचे डोळे पुन्हा चमकले. "बरं, आता माफीचा व्हिडिओ करा. माफीचे फार चालतात. केस मोकळे सोडा, आणि—"

"वहिनी."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. संमेलनाला जाणार नाही म्हणाली, आणि चिठ्ठी कशी पळवली तेही सांगून टाकलं. पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "चूक तुझी एकटीची नाही," ते म्हणाले. "आकडे बघून मीही हुरळलो होतो. चिठ्ठी कुठून आली हे मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." मग ते म्हणाले, "पण आता ती जिकडेतिकडे गेली असेल. धनुष्यातून सुटलेला बाण आहे तो."

"मग एकेक करून गोळा करते," ती म्हणाली.

तिनं खरंच तसं केलं. त्या चिठ्ठीचा फोटो उचलून आणखी चौसष्ट पानांनी टाकला होता. तिनं वहीत चौसष्ट नावं लिहिली आणि दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेकाला लिहायला बसली. 'ही चिठ्ठी मी परवानगीशिवाय टाकली. ती माझी चूक. एका घराला त्रास होतो आहे. कृपया काढा.' काहींनी लगेच काढली, काहींनी उत्तरच दिलं नाही. एकानं 'आधी प्रसिद्धी खाल्ली, आता चांगुलपणा खाते' असं लिहिलं. ते वाचून ती लॅबच्या फ्रीजमागे जाऊन दोन मिनिटं रडली. मग तोंड धुतलं आणि त्याच माणसाला पुन्हा लिहिलं, 'खरं आहे तुमचं. तरी कृपया काढा.'

चौथ्या दिवशी ती पेंटरच्या दुकानात गेली. तो हात टेकायच्या काठीवर मनगट ठेवून एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. टर्पेंटाइनचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

"रिपोर्ट आणलेत?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुमचे नाही, माझे. चौसष्टपैकी पंधरा झाले."

तिनं वही पुढे केली. एकेका नावावर रेघ मारलेली पाहून त्यानं ब्रश खाली ठेवला.

"हे सगळं तुम्ही एकटीनं...?"

"टाकताना कुठे कुणाला विचारलं होतं? काढायला कुणाची मदत मागू?"

"बसा," तो म्हणाला. एवढंच. पण रंगाचे डाग पडलेल्या स्टुलावर त्यानं आधी वर्तमानपत्र अंथरलं.

त्यानंतर ती एक दिवसाआड यायला लागली. वडिलांना भेटायचंय असं तिनं एकदाही म्हटलं नाही. जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलावर बसून निरोप लिहायचे, मिळाला तर चहा घ्यायचा आणि निघायचं. सकाळचं स्तोत्र तिनं पुन्हा सुरू केलं होतं. पुढची गोष्ट मिळत नाही म्हटल्यावर चाळीस हजारांतली माणसं भराभर गळू लागली होती. वहिनी रोज आकडा सांगायची, घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात.

"आज किती?" पेंटर विचारायचा.

"चौसष्टपैकी एकतीस."

"सुईताई, तुम्ही फार चिवट आहात."

"लोकांच्या शिरा लपून बसतात. चिवट नसते तर उपाशी मेले असते."

"माझी लगेच सापडली होती."

"तुमची दिसत होती," ती म्हणाली आणि उगाचच लाजली. "म्हणजे... हात बारीक आहे तुमचा."

"बारीक?" त्यानं दंडाकडे पाहिलं. "हा?"

"मी शिरेबद्दल बोलतेय."

"मीही शिरेबद्दलच ऐकतोय," तो म्हणाला, आणि मग त्या दिवशी त्याचं एक अक्षर दोनदा पुसावं लागलं.

एका दुपारी तो नवी पाटी दुकानाबाहेर वाळत घालतोय तोवर बारीक भुरभुर सुरू झाली. ओला रंग आणि पाऊस — पेंटरच्या जातीचा याहून मोठा शत्रू नाही. पाटी सहा फुटी, एकट्याला उचलण्यासारखी नव्हती. तिनं पळत जाऊन आपली छत्री उघडली आणि पाटीवर धरली. दुसऱ्या बाजूनं त्यानं ताडपत्रीचा तुकडा धरला. पाटी कोरडी राहिली आणि दोघं चिंब भिजली. केसांवरून पाणी तिच्या पापण्यांवर उतरत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं एक हात सोडवून पुसलं. हळूच, ब्रशचं टोक टेकवावं तसं.

"गालावर रंग लागला," तो म्हणाला.

"कुणी लावला?"

"...मी."

"मग राहू दे."

भुरभुर थांबली तरी बराच वेळ दोघं छत्री आणि ताडपत्री धरून उभीच होती. वर, जिन्याच्या खिडकीत, पडदा किंचित हलला.

तिसऱ्या आठवड्यात वडील खाली आले. पांढरी दाढी वाढलेला बारीक म्हातारा. तिच्याकडे न बघता ते कोपऱ्यातल्या मोरीपाशी बसले आणि ब्रश धुवायला लागले. उठून पाय धरावेत, माफी मागावी असं तिला फार वाटलं. पण त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच येत होता. हिनं काही मागायचं नाही, माफीसुद्धा नाही, असं ठरवून ती नुसती बसून राहिली. निघताना ती हळू आवाजात म्हणाली, "काका, चिठ्ठी पानावर मी टाकली होती. काढतेय. सात राहिल्यात." ते ब्रश धूतच राहिले. पण पुढच्या खेपेला ती आली तेव्हा स्टुलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, आणि पेंटर बाजारात गेलेला होता.

पानाचं काय करायचं हा प्रश्न तिचा तिलाच सुटला, आणि तोही लॅबमध्ये. शेजारच्या इस्पितळातल्या एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं, नवरा वेड्यासारखा फोन फिरवत होता. तिनं नवऱ्याला विचारलं, "पानावर टाकू? नाव नाही, गट आणि वॉर्ड एवढंच." तो हो म्हणाला. पेंटरनं पुठ्ठ्यावर झरझर लिहून दिलं, तिनं फोटो टाकला. सत्त्याऐंशी माणसांनी पाहिलं. दोघं रक्त द्यायला दीड तासात पोचले.

"सत्त्याऐंशी!" ती नाचतच दुकानात शिरली. "दोन आले!"

"तीन लाखांत मदतीला कुणी आलं नव्हतं," पेंटर म्हणाला.

तेव्हापासून त्यांचं ठरून गेलं. कुणाला दवाखान्यात सोबत हवी, कुणाला दिसत नाही म्हणून पत्र वाचून हवं, कुणाचा ऑक्सिजनचा सिलिंडर उचलायला दोन हात हवेत — आधी त्या माणसाला विचारायचं, मग तो अक्षर काढणार, ती टाकणार. पानावर तिचा चेहरा नाही, नाव नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये असं म्हणतात, पण इथे एका हाताला दुसऱ्याचं फारच कळायला लागलं होतं.

चौसष्टाव्या नावावर तिनं रेघ मारली तो शनिवार होता. दुपारची वेळ, दुकानात ती तिघंच. म्हातारबा मोरीपाशी. त्या दिवशी हाताचा छोटा व्हिडिओ टाकावा असं ठरलं होतं, म्हणून तिचा फोन काठीला बांधून पुठ्ठ्यावर रोखलेला होता, चालू. वॉर्डातल्या एका आजीला संध्याकाळी पाचला घरी न्यायला सोबत हवी होती.

पेंटरनं पहिली ओळ लिहिली. मग ब्रश रंगात बुडवून तसाच थांबला.

"आता यादी संपली," तो म्हणाला.

"संपली."

"म्हणजे आता तुम्ही... इकडे यायचं तसं काही कारण..."

"पुठ्ठे आहेत ना."

"पुठ्ठे मी तिकडे पोचवू शकतो."

"पोचवणार आहात?"

"नाही! म्हणजे — मला असं म्हणायचंय, की... तुम्ही रोज आलात तर... म्हणजे एक दिवसाआड नाही, रोजच... आणि मग संध्याकाळी परत जायचं नाही असं..." ब्रशवरून निळा थेंब टपकला. "फार उकडतंय नाही?"

"अरे, विचार की तिला!"

आवाज खरखरीत होता, न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोरीकडे. म्हातारबा हातात ओला ब्रश घेऊन उभे होते आणि कंटाळलेल्या नजरेनं पोराकडे बघत होते.

आता मुका होण्याची पाळी पेंटरची होती. तो गेला आणि बापाच्या गळ्यात पडला, रंगाच्या हातांसकट. तिचे डोळे वाहायला लागले. आणि मग तिची नजर फोनवर गेली.

लाल ठिपका लुकलुकत होता. सगळं त्यात होतं. चौदा महिने आणि वर काही आठवडे मुका राहिलेला माणूस, आणि त्याचे पहिले शब्द. तीन लाख? तीस लाखांनी पाहिलं असतं. वहिनी असती तर भोवळ येऊन पडली असती.

तिनं फोन सोडवला आणि सरळ म्हातारबांपाशी गेली.

"काका, यात तुमचा आवाज आलाय," ती म्हणाली. "गेल्या वेळी मी विचारलं नव्हतं. आज विचारते. ठेवू की पुसू?"

पेंटरला तो आवाज जपून ठेवावासा वाटत होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो मागे सरकून उभा राहिला. म्हातारबांनी फोन हातात घेतला. स्वतःला एकदा ऐकलं. थोडे हसले. मग तिनं दाखवलेल्या जागी ओलं बोट टेकवलं, आणि व्हिडिओ गेला. फोन तिच्या हाती देऊन ते पुन्हा मोरीपाशी बसले, मुद्दाम पाठ करून.

"विचारू?" पेंटर म्हणाला.

"वडील सांगतायत ना."

"लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. तो दाराकडे धावला, बहुतेक सगळ्या रस्त्याला ओरडून सांगायला. तिनं त्याचं मनगट धरलं, अगदी शीर असते तिथेच. ती जोरात उडत होती.

"आधी माझ्या आईला, मग पाळकसाहेबांना. बाकीच्यांना कळेल तेव्हा कळेल. आणि आता बस इथं. पुठ्ठा अर्धा राहिलाय, आजी पाच वाजता वाट बघणार आहेत."

तो बसला. दुसरी ओळ चक्क उताराला लागली. तिनं तशीच पानावर टाकली. खाली पहिली प्रतिक्रिया वहिनीची आली, की आज अक्षर फार बिघडलंय. ती पाहत होती तोवर दुसरी आली. कुणीतरी लिहिलं होतं, मी निघाले, वीस मिनिटांत वॉर्डात पोचते.